शेजारच्या सीटवरची झोप

त्याला सगळे चुंबक्या म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ वळली की हमखास. खिशात कायम मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक चुंबक असायचं. जुनी गाडी दिसली की मालकाला नमस्कार करायचा सोडून हा माणूस आधी तिच्या मडगार्डला चुंबक लावायचा. चिकटलं तर खाली पत्रा. घसरलं तर खाली पुट्टी, म्हणजे गंजून पडलेलं भोक बुजवून वरून रंग फासलेला. मग मालकाचा चेहरा उतरायचा आणि याचा खुलायचा. दुसऱ्याच्या गाडीत खोट सापडली की त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जायचे. माणूस वाईट नव्हता. पण खोट शोधण्यात हयात गेली की कौतुक करायची सवय मोडते, तशी त्याची मोडली होती.

त्याचा धंदाच तो होता. हौशी लोकांना जुन्या, लांब पल्ल्याच्या गाड्या विकत घ्यायच्या असत आणि फसायचं नसे. लांबच लांब नाक, दोनच दारं, पुढे दोन माणसांची ऐसपैस जागा, मागे सामानापुरती, अशा त्या गाड्या. शर्यतीच्या नव्हेत, आणि बाजारहाटाच्या तर नव्हेतच. दोघांनी सकाळी एका शहरातून निघावं, संध्याकाळी दुसऱ्या शहरात उतरावं आणि उतरताना अंगावरच्या कपड्यांची इस्त्री मोडलेली नसावी, एवढ्यासाठी कोणे एके काळी त्या बनवलेल्या.

अलीकडे त्यांच्या नव्या अवतारांचं पेव फुटलं होतं. गावाबाहेर एक कारखाना होता. तिथे जुन्या गाडीचा नुसता सांगाडा ठेवायचे आणि आतलं सगळं बदलायचे. नवं इंजिन, नवे ब्रेक, गार हवा, एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग. वरून मात्र सगळं जुनं, अगदी दाराच्या मुठीसकट. कारखानदार त्याला पुनर्जन्म म्हणायचा. चुंबक्या म्हणायचा, "म्हाताऱ्याला कवळी बसवली म्हणून तो ऊस खाणार आहे का?"

तो असं म्हणायचा त्याला कारण होतं. जुना पत्रा जुन्या इंजिनाच्या ताकदीला धरून घडवलेला. त्यात दांडगं नवं इंजिन घातलं की गाडी आतून पिळवटते, काचा खुळखुळतात, काही दिवसांनी दार नीट लागेनासं होतं. कधी एखाद्या ठरावीक वेगाला इंजिन एकसारखं गुणगुणत राहतं. गिऱ्हाईक दुकानात गाडीभोवती फेरी मारतं, सीटच्या कातड्यावरून हात फिरवतं आणि भाळतं. चार दिवसांनी लांब जायची वेळ आली की डोक्याला हात लावून बसतं. म्हणून चुंबक्या पत्रा बघायचा, दार लावल्याचा आवाज ऐकायचा, गाडीखाली आडवा पडून जोड तपासायचा. पण या सगळ्याच्या वर एक परीक्षा होती आणि ती त्याच्या हातात नव्हती. ती त्याच्या बायकोच्या हातात होती.

बायको घरी पडदे शिवायची. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नसे. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत त्यानं एक गाडी सगळ्या बाजूंनी तपासून उत्तम ठरवली होती. सहज म्हणून तिला फिरवून आणलं, तर ती उतरताना म्हणाली, "छान आहे, पण हिच्यात डोळा लागत नाही." तो हसला. महिन्याभरात ज्यानं गाडी घेतली तो परत आला आणि हेच म्हणाला. गाडी सुंदर, पण माणूस दमून जातो. तेव्हापासून चुंबक्यानं नेम केला. गाडी कितीही चांगली वाटो, शेवटी बायकोला शेजारी बसवायचं आणि मोठ्या रस्त्यानं धरणापर्यंत जाऊन यायचं. ती झोपली तर गाडी पास. टक्क जागी राहिली तर गाडीत काहीतरी आहे. मग ते शोधून काढणं त्याचं काम.

आणि ती सोपी परीक्षक नव्हती. वर्षानुवर्षं तिनं भल्याभल्या गाड्या नापास केल्या. "डोक्यात भुंगा शिरल्यासारखं होतं." "पेट्रोलचा वास येतोय बाई." "कंबरेला कोणीतरी मागून ढोसतंय." कारखान्यातले मेकॅनिकसुद्धा चुंबक्याला आल्या आल्या एकच विचारायचे, "वहिनी झोपल्या का?" ती लाजायची. म्हणायची, "झोपण्याबद्दल नाव झालेली मी एकटीच असेन."

शेजारच्या सीटवर तो स्वतः कधी बसला नाही. ती जागा तिची, स्टिअरिंग याचं. दोघांनाही त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

याच परीक्षेनं त्याचा घात केला. हे आताच सांगून टाकलेलं बरं, उगाच ताणून धरण्यासारखी ही गोष्ट नाही. ती बाई आता नाही. तिचं दुखणं त्याच्या शेजारी बसून, त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होतं, आणि त्या दुखण्यालाच तो गाडीचा गुण समजत होता.

झालं असं, की कारखान्यातून नव्या अवताराच्या गाड्या एकामागून एक तपासायला येऊ लागल्या आणि बायको त्या सगळ्यांत झोपू लागली. पहिल्या गाडीत झोपली तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं. त्याच्या मते त्या गाडीत इंजिनाची गुणगुण होती. त्यानं कान टवकारून ऐकलं, शेजारी पाहिलं. ती मान एका बाजूला टाकून गाढ. म्हणाला, चला, आपले कानच खोडसाळ.

दुसरीतही झोपली. तिसरीत तर मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी, पेट्रोल पंपाच्या वळणावरच. कारखानदाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "काय मास्तर, म्हाताऱ्यानं ऊस खाल्ला का नाही?" चुंबक्या आधी गुरगुरला, मग विरघळला. इतकी वर्षं ज्याला नावं ठेवली त्याचीच वाखाणणी करू लागला. माणूस एकदा बदलायचं म्हणाला की पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. गिऱ्हाइकांना फोनवर सांगायचा, "अहो, नवं तंत्र मानलं पाहिजे. आमची ही आता फाटकातच घोरते."

एक गाडी तर अशी होती, की तिच्यातून उतरल्यावर त्याचीच पाठ धरली. खड्डा लागला की मणका मणका वेगळा मोजता यावा असे धक्के. तरी बायको जाता-येता झोपलेली. घरी येऊन तो पाठीला शेक घेत पालथा पडला आणि त्यानं काय विचार केला असेल? हाच, की आपली पाठ म्हातारी झाली. स्वतःच्या पाठीवरचा विश्वास त्यानं सोडला. बायकोच्या झोपेवरचा सोडला नाही. तिच्यावरचं त्याचं प्रेम हे असं होतं, आणि या वेळी ते नेमकं उलटं पडलं.

बाकीही दिसत होतंच. तिनं नेहमीच्या चपला सोडल्या होत्या आणि त्याच्या जुन्या सँडल घालून फिरायची. तो थट्टा करायचा, "माझ्या पावलावर पाऊल टाकतेयस की काय?" ताटात भात तसाच राहायचा. सकाळी तोंड सुजल्यासारखं दिसायचं, तर म्हणायची रात्री उशी उंच झाली. शिवणाच्या मशीनवर कापड दिवस दिवस तसंच पडून राहायचं. आणि दार उघडून गाडीत बसताना ती हाशहुश करायची, एखादं मोठं काम उरकल्यासारखी. यातलं एकेक त्याला दिसलं होतं. ज्या माणसाला रंगाखालची पुट्टी दिसते, त्याला हे जुळवता आलं नाही.

त्याच सुमाराला घड्याळवाल्यांची गाडी आली. घड्याळवाले म्हणजे चौकातल्या घड्याळांच्या दुकानाचे मालक. सावकाश बोलणारे, भिडस्त गृहस्थ. उभी हयात भिंगातून बघत खुर्चीवर बसण्यात गेली, आता बायकोला घेऊन जग बघायचं, म्हणून त्यांनी निळ्या रंगाची एक लांब गाडी पसंत केली होती. पुनर्जन्मवालीच. चुंबक्यानं तपासली. पत्रा अस्सल, दार लावलं की एखाद्या जाड पुस्तकासारखं बंद होणारं. धरणापर्यंत नेली. बायको गेट ओलांडायच्या आत झोपली ती परत गेटात येईपर्यंत. यानं घड्याळवाल्यांना सांगितलं, "डोळे मिटून घ्या."

त्यांनी घेतली. आणि दोन महिन्यांनी ते अवघडून याच्या दारात उभे राहिले.

"तसं काही नाही," ते म्हणाले, "पण आमची मंडळी गाडीत बसायला तयार नाहीत. म्हणतात, शेजारच्या सीटवर पाय भाजतात. लांब गेलं की खालून आच लागते."

चुंबक्याला राग आला. कोणी त्याच्या बायकोला खोटं ठरवतंय असंच त्याला वाटलं. "हे बघा," तो म्हणाला, "त्याच सीटवर आमची ही दोन तास झोपून आली. तुमच्या बाईसाहेब जरा नाजूक असतील."

आतून बायको बाहेर आली होती. भिंतीला हात टेकून उभी होती. त्यानं तिच्याकडे वळून विचारलं, "काय गं, भाजले होते का पाय?"

"नाही बाई," ती म्हणाली. "मला तर काहीच जाणवलं नाही."

घड्याळवाले भले गृहस्थ. त्यांनी माफी मागितली आणि गेले. चुंबक्या त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाला, "लोकांना नखरे फार."  ताटावर बसल्या बसल्या बायकोला पेंग येत होती.

पुढच्याच आठवड्यात सकाळी ती मशीनवर बसली होती. कोणाचे तरी पांढरे पडदे होते. त्याला मशीनचा आवाज ऐकू आला, मग थांबला, मग पुन्हा एकदम सुरू होऊन थांबला. तो गेला तर सुई तिच्या बोटातून आरपार गेलेली, आणि ती मशीनच्या टेबलावर डोकं ठेवून झोपलेली. किंचाळली नव्हती. त्यानं खांदा हलवला तेव्हा तिनं डोळे उघडले, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे देवा, पडदा खराब झाला."

तो तिला बोटासाठी डॉक्टरकडे घेऊन गेला. नुसतं बोटासाठी. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं बोट बांधलं, मग तिचं लक्ष त्या मोठ्या सँडलकडे गेलं. पायावर अंगठ्यानं दाबून पाहिलं. अंगठा उचलल्यावरही तिथे खळगा तसाच राहिला. पापणी खाली ओढून पाहिली. भूक विचारली, लघवीचं विचारलं. मग म्हणाली, "झोप कशी आहे?"

बायकोनं तोंड उघडायच्या आत चुंबक्याच बोलला. कौतुकानं बोलला. "झोपेचं नका विचारू! गाडीत बसली की लगेच. आमचा तर धंदाच हिच्या झोपेवर चालतो."

डॉक्टरीणबाईनं लिहिता लिहिता हात थांबवला. "कधीपासून?" तिनं विचारलं.

तो सांगायला लागला. पहिली गाडी, तिच्यात इंजिनाची गुणगुण होती ती. मग दुसरी. मग पेट्रोल पंपाजवळची. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. एकेका गाडीचं नाव घेताना ती किती दिवसांपूर्वीची, हे त्याचं त्यालाच कळत होतं. धक्केवाल्या गाडीपाशी येऊन तो थांबला.  बायको त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती, जणू दुखणं त्याचंच होतं.

दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. रक्तात नको ते साठत जातं, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. ते डोक्यापर्यंत चढतं आणि माणसाला सारखी गुंगी येते. पायांची जाणीवही कमी होते. लवकर कळलं असतं तर, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी वाक्य सुरू केलं आणि याच्याकडे बघून तिथेच सोडून दिलं. ते त्यांनी पूर्ण केलं असतं तरी चाललं असतं. ते वाक्य पुढे रोज त्यानंच स्वतःशी पूर्ण केलं.

मग रक्त धुवायच्या मशीनच्या फेऱ्या सुरू झाल्या. तो तिच्या उशाशी स्टुलावर बसायचा. एक दिवस तिला जरा हुशारी वाटत होती तेव्हा त्याला राहवलं नाही.

"तुला कळत नव्हतं का गं, की ही झोप बरी नाही?"

"कळत होतं थोडं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

ती छताकडे बघत म्हणाली, "घरी नुसतं पडायला मला भीती वाटायची. पडलं की उठता यायचं नाही. गाडीत बसलं की वाटायचं, झोपायलाच तर आलोय आपण. आणि उतरल्यावर तुम्ही इतके खूश असायचात." मग ती म्हणाली, "एवढी वर्षं तुम्हाला कुठली गाडी मनापासून आवडलेली मी पाहिली नव्हती. म्हटलं, आवडतायत तर आवडू देत."

"आणि त्या गाड्या? खरंच चांगल्या होत्या?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी दार लावलं की झोपायचे. तुम्ही मला विचारलंत कुठे? तुम्ही तर मेकॅनिक लोकांना सांगायचात."

यात तक्रार नव्हती. तिच्या बोलण्यात तक्रार असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो उठून बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

ती त्या हिवाळ्याच्या शेवटी गेली. शुद्धीवर होती, त्याला ओळखत होती, आणि शिवणाच्या मशीनवर राहिलेले पडदे कोणाचे आहेत ते सांगून गेली. त्यानं ते शिवून घेतले आणि स्वतः नेऊन दिले. घरात मागे उरलं ते फार थोडं होतं आणि सगळं तिचंच होतं.

त्यानं काम सोडलं. कारखानदार दोनदा येऊन गेला, बिचारा खरंच हळहळला, पण जाता जाता एका नव्या गाडीचं बोललाच. चुंबक्यानं त्याला एवढंच सांगितलं, "आता माझ्याकडे गाडी तपासायला कोणी नाही."

आणखी काही दिवसांनी घड्याळवाले भेटायला आले. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही. येताना चालत आले होते, म्हणजे तो विषय निघूच नये. चहा झाला. ते उठायला लागले तेव्हा चुंबक्याच म्हणाला, "गाडी आहे ना अजून?"

"आहे. झाकून ठेवलीय."

"उद्या आणा. तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

घड्याळवाले म्हणाले, जाऊ द्या हो, आता कशाला. पण त्याचा चेहरा बघून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन आले. चुंबक्या उलट्या बाजूनं फिरून गेला, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसला. सगळी हयात गाड्यांमध्ये काढूनही या बाजूनं तो पहिल्यांदाच बसत होता. समोर स्टिअरिंग नाही. हातांनी काय करायचं ते कळेना. त्यानं ते मांडीवर ठेवले.

गाव संपेपर्यंत काही नव्हतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तळव्यांखाली ऊब आली, चांगली वाटावी अशी. पुढे ती वाढत गेली. नव्या इंजिनाचा धुराचा पाइप नेमका याच बाजूनं तळाखालून नेला होता. चालवणाऱ्याला त्याची आच लागायचं कारणच नव्हतं, आणि उभ्या गाडीखाली झोपून बघणाऱ्याला पाइप दिसला तरी त्याचा ताप दिसत नाही. धरणाचा रस्ता निम्मा झाला तेव्हा बुटांचे तळ गरम झाले होते. मग चटके बसू लागले. त्याचे पाय आपोआप वर उचलले गेले. त्यानं ते मुद्दाम पुन्हा खाली टेकवले आणि गच्च दाबून धरले. डोळ्यांत पाणी आलं तरी उचलले नाहीत.

याच सीटवर ती बसली होती. जाऊन येईपर्यंत. पायांत त्याच्या त्या पातळ, जुन्या सँडल घालून. आणि तो तिच्याकडे वळून वळून बघत होता, आणि खूश होत होता.

गाडीत खोट आहे हे त्याला केव्हाच कळलं होतं. तो आता गाडी तपासतच नव्हता. इथे झोप लागायला माणूस किती संपलेला असावा लागतो, ते तो तपासत होता. आयुष्यभर ज्या नेमानं त्यानं गाड्यांची पारख केली, त्याच नेमानं आज त्याला तिचं दुखणं केवढं होतं ते कळलं. तोपर्यंत नुसतं ऐकलेलं होतं.

घड्याळवाल्यांचं रस्त्याकडे लक्ष होतं. ते आपल्या सावकाश आवाजात, मनात काही न ठेवता म्हणाले, "बघा, म्हणत होतो ना मी? इथे कोणाला झोप लागेल सांगा."

मग त्यांना आपण काय बोललो ते उमगलं. त्यांनी घाईघाईनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "उतरा तुम्ही. पाय बाहेर काढा आधी."

तो उतरला नाही. पाय तसेच टेकवून बसून राहिला, दोन्ही हातांनी सीट धरून, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला.